समुपदेशन मानसशास्त्रातील वंशाचा प्रश्न आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे संशोधन : अमेरिकेतील एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारतातील शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत हेन्री ई. गॅरेट यांचे संख्याशास्त्रावरील पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी अभ्यासले आहे. ‘स्टॅटिस्टिक्स इन सायकॉलॉजी अँड एज्युकेशन’ हा त्यांचा ग्रंथ प्रथम १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या वकील्स, फेफर अँड सिमन्स या प्रकाशनसंस्थेने त्याची भारतीय आवृत्ती काढल्यामुळे तो येथील महाविद्यालयीन ग्रंथालयांत सहज पोहोचला. मध्यमान, प्रमाण विचलन व सहसंबंध गुणक शिकविणारे हे गॅरेट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९४६ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्षही होते. कृष्णवर्णीय लोक बुद्धीने जन्मतःच कनिष्ठ असतात, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी पुढे जाहीरपणे मांडले. ही बाब त्यांच्या पुस्तकावरून उदाहरणे सोडविणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असते. याच गॅरेट यांच्या मार्गदर्शनाखाली १९४३ मध्ये मेमी फिप्स क्लार्क या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने पीएच.डी. संपादन केली आणि १९५२ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील एका खटल्यात गुरू व शिष्या परस्परविरोधी बाजूंचे साक्षीदार म्हणून उभे राहिले.

वंश, संस्कृती व सामाजिक न्याय हे विषय आज अमेरिकेतील समुपदेशन मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा स्वीकृत भाग आहेत. ज्येष्ठ अभ्यासकांच्या उदार दृष्टिकोनातून ते तेथे आले, अशी एक समजूत आढळते. इतिहास मात्र तसा नाही. हे प्रश्न प्रथम विद्यार्थ्यांनी, बहुधा भेदभाव स्वतः अनुभवलेल्या विद्यार्थ्यांनी, आपल्या प्रबंधांतून व नंतर मागण्यांतून पुढे आणले. संस्थांनी त्यांचे निष्कर्ष तुलनेने लवकर वापरले. प्रश्न विचारणाऱ्यांना स्थान देण्यास मात्र फार विलंब लावला. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेतील काही टप्प्यांचा विचार केला आहे.

हॉवर्ड ते कोलंबिया

अमेरिकेत मानसशास्त्राची पीएच.डी. मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अभ्यासक फ्रान्सिस सेसिल समनर. क्लार्क विद्यापीठात जी. स्टॅनली हॉल यांच्याकडे त्यांनी १९२० मध्ये ही पदवी घेतली. कृष्णवर्णीयांसह अनेक समाजांची गणना ‘किशोरावस्थेतील वंश’ अशी करणारे हॉल हेच त्यांचे मार्गदर्शक असावेत, हा योगायोग लक्षणीय आहे. समनर १९२८ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात होते व त्यांनी तेथील मानसशास्त्र विभाग उभारला. मेमी फिप्स या विभागातच घडल्या. १९१७ मध्ये आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज येथे जन्मलेल्या मेमी गणित व भौतिकशास्त्र शिकण्यासाठी हॉवर्डला आल्या होत्या. मानसशास्त्राकडे त्या केनेथ क्लार्क यांच्या सल्ल्याने वळल्या. पुढे दोघांचा विवाह झाला. १९३८ मध्ये पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी विल्यम ह्यूस्टन यांच्या वकिली कार्यालयात काम केले. वर्णविभक्त शिक्षणाविरुद्धच्या खटल्यांची तयारी तेथे चालत असे. त्यांच्या संशोधनविषयाची पार्श्वभूमी पाहताना ग्रंथालयाइतकेच हे कार्यालयही लक्षात घ्यावे लागते.

१९३९ च्या त्यांच्या एम.ए. प्रबंधाचा विषय शालापूर्व वयातील कृष्णवर्णीय मुलांमधील ‘स्व’च्या जाणिवेचा विकास हा होता. वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीयांच्या बालशाळांतील मुलांसमोर काही रेखाचित्रे ठेवण्यात आली. त्यांत गोरी व काळी मुले होती, तसेच सिंह, कुत्रा, विदूषक व कोंबडी हीही होती. ‘यांतील तू कोण?’ एवढाच प्रश्न होता. पद्धत साधी असली तरी दृष्टी नवी होती. तोवर वंशाविषयीचे मानसशास्त्रीय संशोधन प्रामुख्याने बुद्धिमापनाच्या गुणांची तुलना करीत असे. येथे मुलाला स्वतःविषयी काय वाटते, याची चौकशी झाली.

त्यानंतर मेमी क्लार्क कोलंबियात आल्या. महाराष्ट्रातील वाचकांना हे विद्यापीठ वेगळ्या कारणाने परिचित आहे. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथेच पदव्युत्तर विद्यार्थी होते आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. ज्या व्यवस्थेचा जाच स्वतः सोसला तिलाच संशोधनाचा विषय करण्याचे स्वातंत्र्य त्यांना त्या चर्चासत्रात लाभले. मेमी क्लार्क यांच्या पीएच.डी.चा विषय मात्र वंश हा नव्हता. वयानुसार प्राथमिक मानसिक क्षमतांत होणारे बदल हा होता. गॅरेट यांच्या हाताखाली याहून वेगळे काही घडणे कठीणच होते. वंशावरील त्यांचे काम पदवीच्या बाहेर, पतीसमवेत व शिष्यवृत्तीच्या आधारे चालू राहिले.

बाहुल्यांची चाचणी आणि तिचा अर्थ

सुप्रसिद्ध बाहुल्यांची चाचणी हे या कामाचेच पुढचे पाऊल होय. तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना चार बाहुल्या दाखविण्यात आल्या. चारही सारख्याच होत्या, फक्त दोन तपकिरी व दोन गोऱ्या रंगाच्या. १३४ मुले आर्कान्सातील विभक्त शाळांतील होती, तर ११९ मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या मिश्र शाळांतील. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली निवडली. तपकिरी बाहुली ‘वाईट दिसते’ असे निम्म्याहून अधिक मुलांनी म्हटले. हा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एका अडचणीची नोंद आवश्यक आहे, कारण लोकप्रिय लेखनात ती बहुधा गाळली जाते. गोऱ्या बाहुलीकडील ओढा उत्तरेतील मिश्र शाळांच्या मुलांत अधिक होता. केवळ विभक्त शाळा हे हानीचे कारण मानले, तर हा निष्कर्ष उलटा पडतो. विरोधकांनी पुढे नेमके यावरच बोट ठेवले. क्लार्क दांपत्याचे उत्तर असे होते की, दक्षिणेतील मुले भेदभावाशी जुळवून घेऊन गप्प झाली होती, तर उत्तरेतील मुलांत तो संघर्ष अद्याप उघड होता. हे उत्तर पटण्यासारखे आहे. तथापि ते आकडेवारीतून आपोआप निघत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

१९५२ च्या व्हर्जिनियातील खटल्याचे मूळ फार्मव्हिल येथील कृष्णवर्णीय शाळेच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल १९५१ मध्ये केलेल्या संपात होते. शाळांचे विभाजन चालू ठेवण्याच्या बाजूने गॅरेट यांनी साक्ष दिली व तिचे खंडन करण्यासाठी मेमी क्लार्क यांना पाचारण करण्यात आले. हा खटला अन्य चार प्रकरणांसह सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल लागला. निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या १९५० च्या निबंधाचा उल्लेख आहे. ज्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातून ही संशोधनपरंपरा सुरू झाली, तिचे नाव त्या तळटीपेत नाही.

मेमी क्लार्क यांना पदवीनंतर विद्यापीठात जागा मिळाली नाही. १९४६ मध्ये त्यांनी पतीसह हार्लेममधील एका इमारतीच्या तळघरात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले. पुढे ‘नॉर्थसाइड’ या नावाने ते ओळखले गेले आणि १९७९ पर्यंत त्याचे संचालन त्यांच्याकडे होते. शाळांनी मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांची तेथे पुन्हा चाचणी घेतली असता त्यांतील कित्येक मुले तशी नसल्याचे आढळले. चाचणी, समुपदेशन व न्याय यांची सांगड येथे प्रत्यक्ष कामातून घातली गेली. तिला नाव मिळायला आणखी काही दशके जावी लागली.

१९६९ चे व्यासपीठ

‘समुपदेशन मानसशास्त्र’ हे नाव १९५१ च्या नॉर्थवेस्टर्न परिषदेनंतर रूढ झाले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे पुनर्वसन ही या शाखेची तातडीची गरज होती आणि तिचा कल्पित अशील बहुतांशी गोरा व मध्यमवर्गीय होता. सी. गिल्बर्ट रेन यांनी १९६२ मध्ये आपल्याच संस्कृतीच्या कोशात बंदिस्त झालेल्या समुपदेशकाविषयी लिहिले, परंतु प्रशिक्षणात त्यामुळे लगेच फारसा बदल झाला नाही. १९२० ते १९६६ या काळात अमेरिकेतील दहा अग्रगण्य मानसशास्त्र विभागांनी ३,७०० हून अधिक पीएच.डी. प्रदान केल्या, त्यांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाल्या केवळ ८. या आकड्यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही.

१९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे असोसिएशनच्या अधिवेशनकाळात कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या अधिवेशनात गॅरी सिम्पकिन्स यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अध्यक्षीय भाषणाच्या प्रसंगी व्यासपीठाचा ताबा घेतला. अध्यक्ष होते जॉर्ज मिलर. मानवी कल्याणासाठी मानसशास्त्र सामान्य माणसाच्या हाती द्यावे, हाच त्यांच्या भाषणाचा विषय होता! विद्यार्थ्यांच्या मागण्या अत्यंत व्यावहारिक होत्या : कृष्णवर्णीय विद्यार्थी व अध्यापकांची भरती, आर्थिक साहाय्य, आणि वस्तीत जाऊन केलेल्या कामाला अभ्यासक्रमात मान्यता. त्यांना असोसिएशनच्या परिषदेपुढे म्हणणे मांडण्याची संधी मिळाली. १९७१ मध्ये केनेथ क्लार्क अध्यक्ष झाले आणि १९७४ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी पाठ्यवृत्ती योजना सुरू झाली. पुढील काळातील बरेच संशोधन या आर्थिक पायाशिवाय शक्य झाले नसते. वैचारिक इतिहास लिहिताना शिष्यवृत्तीचा हिशेब बाजूला ठेवण्याची सवय म्हणूनच फारशी योग्य नाही.

नवे प्रश्न

१९७१ मध्ये विल्यम क्रॉस यांनी कृष्णवर्णीय अस्मितेच्या विकासाचे टप्पे मांडणारा लेख लिहिला. तो प्रसिद्ध झाला ‘ब्लॅक वर्ल्ड’ या नियतकालिकात, कोणत्याही मानसशास्त्रीय पत्रिकेत नव्हे. क्रॉस यांना प्रिन्स्टनची पीएच.डी. मिळाली ती १९७६ मध्ये, म्हणजे सिद्धान्त आधी आणि पदवी नंतर. सदर्न इलिनॉय विद्यापीठात समुपदेशन मानसशास्त्राचे विद्यार्थी असलेले थॉमस पॅरहम यांनी जॅनेट हेल्म्स यांच्यासमवेत हे टप्पे मोजता येतील असे साधन तयार केले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना कोणत्या वंशाचा समुपदेशक हवासा वाटतो, हा त्यांच्या १९८१ च्या निबंधाचा विषय होता. ज्यांची अस्मिता पहिल्या टप्प्यावर होती त्यांचा कल गोऱ्या समुपदेशकाकडे, तर मधल्या टप्प्यांवरील विद्यार्थ्यांचा कृष्णवर्णीय समुपदेशकाकडे दिसला. ‘कृष्णवर्णीयांना काय हवे?’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरला. एका समूहातील सर्व माणसे सारखी धरून केलेले वर्गीकरण, मग ते सहानुभूतीने केलेले का असेना, समुपदेशनात उपयोगी पडत नाही, हे येथे अनुभवजन्य पुराव्याने दिसून आले.

याच सुमारास स्टॅनली सू यांनी सिॲटल परिसरातील १७ मानसिक आरोग्य केंद्रांमधील सुमारे १४,००० व्यक्तींच्या नोंदी तपासल्या होत्या (१९७७). कृष्णवर्णीय व आशियाई अमेरिकनांपैकी निम्म्या व्यक्ती पहिल्या भेटीनंतर परतल्याच नाहीत. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. दोष अशिलाच्या उदासीनतेत शोधावा की समुपदेशकाच्या प्रशिक्षणात, याचा निर्णय आता टाळता येईना. संबंधित संस्कृतीचे ज्ञान नसताना सेवा देणे अनैतिक आहे, असे १९७३ च्या व्हेल परिषदेने म्हटले होतेच. १९८२ मध्ये डेराल्ड विंग सू व सहकाऱ्यांच्या भूमिकापत्राने त्याला धारणा, ज्ञान व कौशल्य अशी त्रिविध चौकट दिली. १९९२ मध्ये तिचा विस्तार ३१ क्षमतांपर्यंत झाला. या याद्यांमुळे अभ्यासक्रम आखणे सोपे झाले, परंतु क्षमता ही टिपणवहीत खुणा करण्याची बाब होण्याचा धोकाही निर्माण झाला.

१९९१ मध्ये क्रॉस यांनी ‘शेड्स ऑफ ब्लॅक’ या ग्रंथात १९३९ पासूनच्या सर्व अभ्यासांचे पुनर्वाचन केले. समूहाविषयीची पसंती आणि व्यक्तीचा आत्मसन्मान या दोन वेगळ्या गोष्टी असून गोरी बाहुली उचलणारे मूल स्वतःचा द्वेष करते असे सिद्ध होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘ब्राउन’ निकालाला बळ देणाऱ्या पुराव्याचीच ही फेरतपासणी होती आणि ती करणारा अभ्यासक त्याच परंपरेतला होता. कृष्णवर्णीय मन म्हणजे जखमी मन, हे गृहीतक न्यायालयात उपयुक्त ठरले होते. समुपदेशकाच्या खोलीत मात्र ते अशिलाला पुन्हा एकदा कनिष्ठच ठरवीत होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये असोसिएशनने वंशवादाला दिलेल्या पाठबळाबद्दल अधिकृत माफी मागितली. सॅन फ्रान्सिस्को येथे १९६८ मध्ये स्थापन झालेली संघटना आजही स्वतंत्रपणे कार्यरत आहे.