आर्चबिशपचा सचिव आणि लिस्बनची गुपितं

कंपनीतला गोपनीय कागद बाहेर गेला की आज आपण आधी कॉम्प्युटर तपासतो. पेन ड्राइव्ह कुणी लावला, मेल कुणी पाठवला, हे शोधतो. पण घरचा भेदी कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याचं एक मोठं उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात घडलं. आज ते बघू.

सोळाव्या शतकात युरोपातून समुद्रमार्गे चालणारा मिरी-मसाल्याचा व्यापार पोर्तुगालच्या राजाच्या हातात होता. त्याचा कारभार लिस्बनच्या ‘कासा द इंडिया’तून चाले. आजच्या भाषेत ही सरकारी कंपनीच म्हणा ना. आता या कंपनीची खरी मालमत्ता कोणती? जहाजं तर इतरांनाही बांधता येत होती. खरी मालमत्ता होती वाट. कुठल्या महिन्यात निघायचं, वारा कुठे फिरतो, खडक कुठे आहेत, ही माहिती. ती एका मूळ नकाशावर नोंदलेली असे. त्यावरून तांडेलांना प्रती मिळत, आणि सफर संपली की त्या परत कराव्या लागत. १५०४ साली राजा मनुएल यांनी नकाशांत काय दाखवायचं यावरही बंधनं घातली.

बंधनं घालायला कारण होतं. दोनच वर्षं आधी, १५०२ मध्ये, इटलीतल्या फेराराच्या ड्यूकचा हस्तक आल्बेर्तो कांतिनो याने लिस्बनमधून एक नकाशा बाहेर काढला होता. त्यासाठी मोजले सोन्याचे १२ डुकाट. तो नकाशा आजही इटलीत, मोदेनाच्या ग्रंथालयात आहे.

म्हणजे पहारा होता, पण तो मुख्यतः नकाशांवर आणि जहाजांवर. आणि इथे आपला माणूस येतो. यान व्हान लिन्शोटेन, हॉलंडमधल्या एन्खाउझेन गावात वाढलेला. १५८३ मध्ये, विशीच्या आसपासचा हा तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा सचिव म्हणून आपल्या किनाऱ्यावर उतरला. तो हेर नव्हता बरं का! नोकरीला आलेला, हुशार आणि चौकस मुलगा. पण सचिवाच्या टेबलावर काय येत नाही? पाच वर्षं त्याने डोळे आणि कान उघडे ठेवले. मालाचे भाव, बंदरं, पोर्तुगीज तांडेलांच्या मार्गनोंदी, सगळं जमवलं. चीन-जपानपर्यंत पोर्तुगीज जहाजांवर गोलंदाजी केलेला डिर्क गेरित्झ हा त्याच्याच गावचा. त्याच्याकडूनही माहिती मिळाली.

१५८७ मध्ये आर्चबिशप पोर्तुगालला निघाले आणि वाटेतच वारले. लिन्शोटेनचा आधार गेला. तो परत फिरला आणि १५९२ मध्ये आपल्या गावी पोचला. आता बघा, तोवर जग बदललेलं होतं. १५८० पासून पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती, आणि डच लोक त्याच राजाविरुद्ध लढत होते. लिस्बनमधून मसाला आणणं त्यांना अवघड झालं होतं. म्हणजे माहितीला गिऱ्हाईक तयारच होतं!

१५९५ मध्ये त्याचं सागरी मार्गांचं पुस्तक आलं, पुढच्या वर्षी सविस्तर प्रवासवर्णन. १५९८ मध्ये इंग्रजी भाषांतरही निघालं. त्याचा एक सल्ला फार मोलाचा ठरला. मलाक्क्याला पोर्तुगीज बसलेत, तिकडे जाऊ नका. सुंदाच्या सामुद्रधुनीतून जावाकडे जा. १५९५ मध्येच डचांची चार जहाजं निघाली आणि त्याच सामुद्रधुनीवरच्या बांतामला पोचली. तीन परतली. अडीचशेच्या आसपास माणसांपैकी एक तृतीयांशच जिवंत राहिली. पण वाट सापडली होती.

पुढचा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. फुटलेल्या माहितीवर उभ्या राहिलेल्या या कंपनीने पहिल्यापासून काय केलं? स्वतःच्या नकाशांना कुलूप लावलं! प्रवासाआधी नकाशे मोजून द्यायचे, आल्यावर परत घ्यायचे. १६१७ मध्ये हेसेल गेरित्स यांना अधिकृत नकाशाकार नेमलं. गंमत अशी की हे गृहस्थ बाहेर नकाशे छापून विकणारे प्रकाशकही होते. त्यांच्यानंतर आलेल्या ब्लाऊंचंही तेच. म्हणजे तिजोरीची किल्ली ज्याच्या हातात, त्याचंच बाजारात दुकान!

मग यातून काय घ्यायचं? पोर्तुगीजांचे नियम ढिले होते असं मी म्हणणार नाही. पण नियम कागदाला लावले होते, आणि माहिती राहत होती माणसांत. सचिव, गोलंदाज, तांडेल, या सगळ्यांना ती कामासाठी द्यावीच लागत होती. ती दिल्याशिवाय जहाज हलणारच नाही. कुलूप नकाशाला लावता येतं. पाच वर्षं शेजारी बसून ऐकलेलं कसं काढून घेणार? आणि जो माणूस उद्या बेकार होणार, त्याला गप्प राहण्याचं कारण काय? हे कुणी विचारलंच नाही. आजच्या कंपन्याही पासवर्डाचा विचार करतात, त्या मानाने हा प्रश्न कमीच विचारतात.

शेवट आपल्याच किनाऱ्यावर करू. १६३६ पासून डच जहाजांनी गोव्याची नाकेबंदी केली. १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली, गोव्याच्या अगदी उशाशी. तिचे पडके अवशेष आजही तिथे आहेत. कधी गेलात तर आठवा, त्या भिंतींपर्यंतची वाट एका सचिवाच्या टेबलावरूनही गेली होती.