उजाड नगरीचे गाणे : विल्यम बर्ड यांचे एक मोटेट

'क्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते, हे आपण वर्गात सांगतो आणि पुढे ओवीकडे वळतो. मात्र ते १५७९ साली गोव्यात उतरले, तेव्हा त्यांच्या मायदेशी कॅथॉलिकांची अवस्था काय होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. जे देश सोडून गेले त्यांची ही एक कथा. जे मागे राहिले त्यांच्यापैकी एक म्हणजे संगीतकार विल्यम बर्ड.

बर्ड यांची स्थिती विलक्षण होती. १५७२ पासून ते राणी एलिझाबेथच्या खाजगी प्रार्थनामंडळात, म्हणजे 'चॅपल रॉयल'मध्ये, गायक-वादक होते; १५७५ साली राणीनेच त्यांना व त्यांचे ज्येष्ठ सहकारी टॉमस टॅलिस यांना संगीत छापण्याचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला. आणि हेच बर्ड कॅथॉलिक होते. प्रॉटेस्टंट उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास १५८१ च्या कायद्याने महिन्याला २० पौंड दंड ठरवला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जेझुइट एडमंड कॅम्पियन यांना लंडनमध्ये टायबर्नला फाशी झाली.

'ने इरास्कारिस, डोमिने' हे पाच आवाजांचे मोटेट १५८९ च्या 'कान्तिओनेस साक्रे' या संग्रहात छापले गेले. शब्द यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायातले : देवाला राग आवरण्याची विनवणी, आणि मग ओसाड पडलेल्या पवित्र नगरीचे वर्णन. बायबल दोन्ही पंथांचे, त्यामुळे शब्दांना कोणी हरकत घ्यावी असे काही नव्हते. जेरुसलेम म्हणजे कोणती नगरी, हे ज्याने त्याने ओळखायचे.

रचनेचा उत्तरार्ध लक्ष देऊन ऐकावा. तोवर एकमेकांचा पाठलाग करीत, एकमेकांत गुंतत चाललेले पाचही आवाज सियोनच्या उल्लेखापाशी एकाएकी एकत्र येतात आणि तेच शब्द एकाच वेळी, हलक्या स्वरात उच्चारतात. विणकाम थांबते, शब्द उघडा पडतो. त्यानंतर जेरुसलेमचे नाव घेऊन एक आवाज उठतो, मग दुसरा, मग तिसरा. उजाड झाल्याचे ते शब्द एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात आणि संपण्याची घाई कोणालाच नसते. आपल्याकडे ख्यालात शब्द अनेकदा सुरांना निमित्त होतो. बर्ड यांचा मार्ग उलटा. १६०५ च्या 'ग्रादुआलिया'च्या अर्पणपत्रिकेत त्यांनी म्हटले आहे की, पवित्र वचनांचे मनःपूर्वक चिंतन करणाऱ्याला योग्य सूर आपोआप सुचतात. हे विधान काहीसे भाबडे वाटेल; पण सियोनची ती जागा ऐकल्यावर ते खोडून काढणे मला जमलेले नाही.

अशा रचनांमागे कॅथॉलिक समाजाचा शोक आहे, हे मत अमेरिकन अभ्यासक जोसेफ करमन यांनी आग्रहाने मांडले. ते पटते. तरी प्रत्येक सुरात सांकेतिक लिपी शोधण्याच्या मोहापासून सावध राहिलेले बरे. कारण पुढे याच उत्तरार्धावर इंग्रजी शब्द बसवले गेले आणि तो अँग्लिकन चर्चमध्येही गायला जाऊ लागला. ज्या चर्चच्या राजवटीत बर्ड यांच्या घरावर दंडाचे खटले भरले गेले, त्याच चर्चच्या गायकवृंदांनी सियोनचा विलाप आपला म्हणून गायला. बर्ड १६२३ साली एसेक्समधल्या स्टॉन्डन मॅसी गावी वारले, अखेरपर्यंत कॅथॉलिक. फादर स्टीफन्स त्यांच्या चार वर्षे आधी गोव्यात निवर्तले होते.