फर्स्ट कॉपी : नकली घड्याळांचा तीनशे वर्षांचा अस्सल इतिहास

‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो उच्चारताना आता कुणी ओशाळतही नाही. उलट थोडा तोराच असतो, ‘ओळखून दाखव!’ बूट, बॅगा, गॉगल यांची गोष्ट तिथेच संपते. घड्याळांची संपत नाही. कारण नकली घड्याळ मनगटावर मिरवणाऱ्यांपलीकडे एक वेगळीच जमात आहे. हे लोक महागड्या घड्याळांच्या नकला जमवतात, उघडतात, काच-काटे-डायल बदलतात, आतलं मशीन साफ करून तेल घालतात, जमलं तर मशीनच बदलतात. मूळ घड्याळाचा फोटो शेजारी ठेवून आकड्यांची वळणं भिंगातून जुळवत बसतात. जगभर पसरलेला छंद आहे हा. कुणी यांना चोरांचे साथीदार म्हणतं, कुणी कारागीर.

निकाल लावायच्या आधी थोडा इतिहास बघू. आज नकलांविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोलणारा देश म्हणजे स्वित्झर्लंड. आणि गंमत तिथूनच सुरू होते.

सन १७०० च्या आसपास घड्याळांची राजधानी होती लंडन. ‘लंडन’ हे नाव डायलवर असलं की किंमत वाढायची. त्यामुळे नकली नावं कोरण्याचा धंदा इतका बोकाळला की इंग्लंडच्या संसदेने १६९८ मध्ये कायदा करून घड्याळावर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरणं सक्तीचं केलं. तरी अठराव्या शतकभर युरोपच्या बाजारात ‘विल्टर, लंडन’, ‘टार्ट्स, लंडन’, ‘सॅमसन, लंडन’ अशा नावांची घड्याळं धडाधड विकली जात होती. यातली काही नावं तर निव्वळ बनावट मानली जातात! संग्राहक या घड्याळांना ‘डच फोर्जरी’ म्हणतात, कारण घडण डच पद्धतीची. पण त्यातली बरीचशी बनत होती जिनिव्हा आणि आसपासच्या स्विस गावांत. म्हणजे त्या काळची ‘फर्स्ट कॉपी’ स्विस होती.

पुढे पॅरिसमध्ये अब्राहम-लुई ब्रेगे नावाचा माणूस उदयाला आला. जन्म स्वित्झर्लंडच्या नोशातेलचा. त्याच्या घड्याळांच्या इतक्या नकला निघाल्या की १७९५ च्या सुमारास त्याने डायलवर एक गुप्त सही टाकायला सुरुवात केली. इतकी बारीक, की तिरक्या उजेडात धरल्याशिवाय दिसू नये. आज नोटेवर आपण जी सुरक्षेची खूण शोधतो, त्याच जातीची ही युक्ती.

एकोणिसाव्या शतकात पारडं फिरलं. अमेरिकेत वॉल्थम आणि एल्जिन या कंपन्या यंत्रांवर घड्याळं बनवू लागल्या, एकाचा सुटा भाग दुसऱ्यात चपखल बसेल अशी. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या वेळी लाँजिनचे अभियंते जाक डेव्हिड तिकडे गेले, अमेरिकन कारखाने बारकाईने पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी देशबांधवांना खडबडून जागं करणारा सविस्तर अहवाल लिहिला. स्विसांनी त्यातून धडा घेतला, कारखाने उभारले. पण त्याच काळात काही स्विस उत्पादक अमेरिकन नावांशी मिळतीजुळती नावं टाकून स्वस्त घड्याळं अमेरिकेतच विकत होते. अमेरिकन संग्राहक त्यांना आजही ‘स्विस फेक’ म्हणतात! हे दोन शब्द एकत्र वाचून आज हसू येतं.

मग चीन. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी वायुदलाला वैमानिकांसाठी क्रोनोग्राफ हवं होतं, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ. त्यासाठी तियांजिनच्या कारखान्याने ‘व्हीनस १७५’ या स्विस मशीनची साधनसामग्री रीतसर विकत घेतली. चोरी नाही, सौदा. त्याच मशीनचा वंशज ‘सीगल’ या नावाने अजून बनतो आणि घरी घड्याळ जुळवणाऱ्या छंदिष्टांचा लाडका आहे. नंतर ज्या स्विस मशीनच्या पेटंटची मुदत संपली होती, त्यांच्या हुबेहूब आवृत्त्याही चीनमध्ये निघाल्या. आजच्या उत्तम नकला याच कौशल्याच्या जमिनीत उगवल्यात.

आता ‘ओरिजिनल’चंही बघू. रोलेक्सचं डेटोना. अभिनेता पॉल न्यूमनच्या मनगटावरचं डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. त्यातलं मूळ मशीन रोलेक्सचं नव्हतं, वालजू नावाच्या दुसऱ्या स्विस कारखान्याचं होतं. १९८८ पासून झेनिथचं मशीन घेऊन, त्यात बरेच बदल करून डेटोनात बसवलं गेलं. रोलेक्सने स्वतःचं मशीन त्यात घातलं थेट २००० साली. दुसऱ्याचं मशीन घ्यायचं, बदलायचं, आपल्या केसमध्ये बसवायचं... थोडक्यात, छंदिष्ट मंडळी टेबलावर करतात ते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे : डायलवरचं नाव स्वतःचं होतं आणि मशीनचे पैसे मोजलेले होते.

आपल्याकडचा अध्याय अजून रंजक आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत एचएमटीची घड्याळं सुरू झाली. मागणी प्रचंड, पुरवठा तोकडा, आयातीवर कडक बंधनं. मग काय, तस्करी. घड्याळाची तस्करी किती मोठी होती ते कायद्यातच दिसतं. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातलं कलम १२३ बघा. माल तस्करीचा असल्याच्या रास्त समजुतीने जप्त झाला, तर तो तस्करीचा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर. आणि ज्या मालाला हे कलम लागू, त्यात सोन्याच्या पंगतीला घड्याळं! हा उल्लेख अजूनही तिथे आहे.

अशा टंचाईच्या देशात घड्याळ फेकून द्यायचं नसतं. ते बापाकडून पोराकडे जातं, लग्नात मिळतं, गहाणही पडतं. दमट हवेने डायलवर डाग पडले की गिऱ्हाईक म्हणायचं, ‘नवं करून द्या.’ मग कारागीर जुना रंग खरवडून नवा लावायचा, नाव पुन्हा छापायचा, एका घड्याळाचे काटे दुसऱ्याला, तिसऱ्याचा चक्कर चौथ्याला. गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक असायचं. यात फसवणूक कुठेच नव्हती. ही दुरुस्ती होती.

फसवणूक सुरू झाली ती घड्याळ त्या गिऱ्हाइकाच्या हातून सुटून अनोळखी माणसाकडे गेलं तेव्हा. ऑनलाइन बाजार आले आणि भडक निळ्या-केशरी डायलची जुनी सेको, सिटिझन, फावर-लूबा घड्याळं ‘व्हिंटेज, मूळ स्थितीत’ म्हणून परदेशी जाऊ लागली. तिकडच्या संग्राहकांनी त्यांना नाव दिलं ‘बॉम्बे स्पेशल’. ते कौतुकाचं नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, जुन्या आठवणींना भाव आला आणि मग खुद्द एचएमटीच्याच ‘नव्या कोऱ्या’ घड्याळांनी बाजार भरला. कारखाना कधी न बनवलेल्या डायलसकट!

तेच हात, तेच ब्रश, तेच भिंग. एका वाक्याचा फरक. ‘हे मी रंगवलंय’ हे वाक्य बोललं की दुरुस्ती, गिळलं की लबाडी.

कायदाही साधारण इथेच येतो. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण कलम १०३ मध्ये एक महत्त्वाची सोय आहे : फसवायचा हेतू नव्हता हे सिद्ध केलं तर शिक्षा नाही. अमेरिकेत व्हॉर्टिक नावाच्या छोट्या कंपनीने जुन्या हॅमिल्टन खिशातल्या घड्याळांची मशीन घेऊन मनगटी घड्याळं बनवली, ‘हॅमिल्टन’ हे मूळ नाव तसंच दिसू दिलं. हॅमिल्टन कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये अपिलातही हरली. कारण? व्हॉर्टिकने जाहिरातीत आणि घड्याळावरही आपण काय केलंय ते उघड सांगितलं होतं.

म्हणून नकला जमवणाऱ्या मंडळींचं ‘सगळ्यांनीच कॉपी केली, मग आम्हीच का वाईट?’ हे म्हणणं मला अर्धंच पटतं. सगळ्यांनी कॉपी केली हे खरं. पण स्विस मोठे झाले ते ‘लंडन’ लिहिणं सोडून ‘जिनिव्हा’ लिहायला लागल्यावर. नक्कल ही शाळा असते, तिथे जन्मभर बसायचं नसतं. घड्याळ उघडून शिकायचंय? साधी सुटी मशीन, कोरी डायल, हवे ते काटे सगळं मिळतं. दुसऱ्याचा मुकुट छापायची गरज काय? आणि नकली घड्याळ विकत घेतलं की पैसे जातात ते गिळलेल्या वाक्याच्याच धंद्यात, आपला हेतू कितीही शुद्ध असो.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. आपल्याकडे घड्याळ जिवंत ठेवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या झाल्या. त्यांच्या हातचं काम जगभर गेलं, पण दुसऱ्याच्या नावाने. स्वतःचं नाव टाकायची ना त्यांना संधी मिळाली, ना आपण कधी ते विचारलं. आता कोपऱ्यावरची ती टपरीवजा दुकानं एकेक करून मिटतायत आणि मागे उरलीय फक्त ‘बॉम्बे स्पेशल’ ही शिवी.

घरात आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ असेल तर एक करा. जवळच्या घड्याळजीकडे न्या, दुरुस्त करून घ्या आणि पावतीवर लिहून मागा : काय बदललं, काय रंगवलं, कुणी आणि कधी. खाली त्यांची सही घ्या आणि पावती घड्याळासोबत जपून ठेवा. ब्रेगेने सही लपवून ठेवली होती. आपल्या कारागिराची उघड असू द्या.