तंजावरच्या कट्यारी

घरच्या कट्यारीला आपण शस्त्र म्हणतो ते केवळ सवयीने. नोकरीपायी परमुलखात बिऱ्हाड करणाऱ्या आम्हा मंडळींपैकी कोणाच्या ट्रंकेत ती असते, कोणाची गावच्या देवघरातच राहून गेलेली असते. पण खंडेनवमी आली की तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तंजावरास तीच नवमी आयुधपूजा म्हणून घरोघर पाळतात, आणि कट्यारीला तेथे ‘कट्टारी’ म्हणतात. परकेपणा तेवढ्यापुरता तरी गळून पडतो.

तंजावरची कट्यार चटकन ओळखू येते. दोन समांतर दांड्या, त्यांमध्ये आडवी मूठ, पुढे सरळ पाते, एवढे सर्वत्र सारखेच. येथे मात्र हाताच्या पाठीवर शिडासारखे फुगलेले पोलादी कवच असे, त्यावर नाजूक जाळीकाम आणि टोकाशी पुष्कळदा याळीचे मुख. पाते कित्येकदा फिरंगी, म्हणजे युरोपातून आलेल्या तलवारीचे, खिळ्यांनी जडवलेले. यांतील बऱ्याचशा नायकांच्या काळच्या मानल्या जातात. भोसल्यांना त्या वारशाने नव्हे, राज्याबरोबर मिळाल्या.

राज्य गेले तशा त्याही गेल्या. दुसरे शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला, मद्रासेस तो जिंकलाही. पण १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यकृत्य आहे, न्यायालयाचा येथे अधिकार नाही, असे ठरवले. कंपनीच्या हक्काला कायद्याचा आधार सापडणे अवघड, हे त्याच न्यायमूर्तींनी त्याच निवाड्यात मान्य करावे, याला काय म्हणावे! पुढे शस्त्रागारातील निवडक हत्यारे मद्रासच्या संग्रहालयात गेली. उरलेल्यांपैकी ढीगच्या ढीग मोडून लोखंडाच्या भावाने विकले. काही कट्यारी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय मात्र तंजावरातच टिकले, ही समाधानाची गोष्ट.

येथे आम्हांस जावा बेटाची आठवण होते. तिकडे क्रीस या वळणदार खंजिराला घरचा वडीलधारा समजतात, त्याला नाव देतात, सुरो महिन्यात विधिपूर्वक स्नान घालतात. राजपुत्र दिपोनेगोरो १८३० साली डचांच्या हाती सापडला. त्याचा ‘क्याई नोगो सिलुमान’ हा क्रीस हॉलंडच्या राजाकडे गेला आणि पुढे लायडनच्या संग्रहालयात नुसती वस्तू होऊन पडला. २०२० साली तो इंडोनेशियास परत मिळाला. ओळख पटली ती कशावरून? समकालीनाच्या साक्षीच्या एका कागदावरून आणि राडेन सालेह या जावानी चित्रकाराने केलेल्या टिपणावरून.

तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचे वंशचरित्र १८०३ साली मराठीत कोरले आहे. पिढ्यान् पिढ्यांची नावे तेथे वाचता येतात. संग्रहालयाच्या काचेमागील कट्यारीखाली मात्र गावाचे नाव असते, शतक असते. धन्याचे नाव क्वचितच. आमच्या ट्रंकेतल्या कट्यारीच्या म्यानातही अद्याप चिठ्ठी नाही. ती कोणाची, हे आमच्या वडिलांना तोंडपाठ होते.