चित्र यंत्राचे, सही कोणाची?

शंभर बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या नव्व्याण्णव सरळ रेषा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील अभियंते ए. मायकेल नॉल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस संगणकाकडून असे एक चित्र काढून घेतले. बिंदूंची उंची एका वर्गसमीकरणाने ठरत होती. डावी-उजवीकडची जागा मात्र यादृच्छिक, जणू फासे टाकून ठरवलेली. नॉल यांनी चित्राच्या स्वामित्वहक्काची नोंदणी मागितली, तेव्हा ती आधी नाकारली गेली. कारण काय, तर चित्र यंत्राने काढले होते! आज्ञावली माणसानेच लिहिली आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागले. अखेर नोंदणी झाली.

आता २०२१ सालाकडे येऊ. त्या वर्षी जर्मन कलावंत मारिओ क्लिंगेमान यांच्या कल्पनेतून 'बोट्टो' हा 'स्वायत्त कलावंत' अवतरला. असंख्य चित्रांवरून शिकलेली आज्ञावली नवी चित्रे तयार करते. त्यांतली साडेतीनशे दर आठवड्याला मतदारांपुढे ठेवली जातात. निवडलेले एक चित्र ब्लॉकचेनवर नोंदून लिलावात विकायचे, आणि मतांवरून बोट्टोने पुढची दिशा ठरवायची, अशी ही योजना.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा असतो. जुन्या पानावर खाडाखोड केली, तर पुढचे सारे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. असे ठसे साखळीने जोडण्याची युक्ती स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ सालीच मांडली होती.

पण ही वही नेमके काय सांगते? सातबाऱ्यावरून जमीन कोणाच्या नावे आहे ते कळते; बांध कोणी घातला ते कळत नाही. तसेच येथेही. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले, हे वही चोख सांगते. ते कोणी निर्माण केले, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नाही.

हा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. स्टीफन थेलर या अमेरिकी संशोधकांनी एका चित्राचा कर्ता म्हणून आपल्या यंत्राचेच नाव दिले. कर्ता माणूसच हवा, असे अमेरिकेतील न्यायालयाने २०२३ साली सांगितले. २०२५ साली वरिष्ठ न्यायालयानेही तेच मान्य केले. गंमत पाहा, नॉल म्हणत होते 'माणसाने काढले', थेलर म्हणतात 'यंत्राने काढले'. अर्जदाराचे म्हणणे उलटले, कसोटी तीच राहिली.

मग 'स्वायत्त' या शब्दाचे काय करायचे? वर्गात फळ्यावर बोट्टोच्या कामाच्या पायऱ्या लिहाव्यात: आज्ञावली, शिकण्यासाठीची चित्रे, निवड, विक्री. प्रत्येकीपुढे विद्यार्थ्यांना विचारावे, येथे कोणी ठरवले? आज्ञावली लिहिणारे, ज्यांच्या चित्रांवरून यंत्र शिकले ते चित्रकार, मत देणारे, बोली लावणारे अशी माणसे जवळजवळ प्रत्येक पायरीवर सापडतील. नॉल यांच्या चित्रामागे एकच माणूस होता, म्हणून त्याला ओळखणे सोपे गेले. आज माणसे नाहीशी झालेली नाहीत. ती इतकी झाली आहेत, की एकाचे नाव लिहिणे अवघड झाले आहे. त्यांतही ज्यांच्या चित्रांवरून यंत्र शिकले, त्यांची नावे त्या अक्षय नोंदवहीत कोठेच नसतात.