समुद्रपक्ष्यांच्या पिसांवरील माइटांचे वर्गीकरण : ‘हेटरोपस’ या नामाचा इतिहास

पाणकावळ्याच्या पिसांवर राहणाऱ्या एका माइटचे शास्त्रीय नाव आज ‘मायकेलिया हेटरोपस (मायकेल, १८८१)’ असे लिहिले जाते. या नावातील कंस निरर्थक नाही. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार, एखादी जाती मूळ प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत गेली, म्हणजे तिच्या प्रथम नामकर्त्याचे नाव कंसात येते. वर्गीकरणाच्या स्थित्यंतराची ती खूणच होय.

इंग्रज अभ्यासक आल्बर्ट डेव्हिडसन मायकेल यांनी १८८१ मध्ये ही जाती ‘डर्मालायकस’ या प्रजातीत घातली. पक्ष्यांवरील नाना प्रकारचे माइट त्या काळी या एकाच नावाखाली गोळा झाले होते. ‘हेटरोपस’ म्हणजे भिन्नपाद. माइटची डावी व उजवी बाजू सामान्यतः एकमेकींचे प्रतिबिंब असते. परंतु या जातीच्या नराचा एक पाय आपल्या जोडीच्या पायाहून कितीतरी स्थूल असतो. मादीत हे वैषम्य नाही. पुढे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ त्रूएसार यांनी १८८४ मध्ये ‘मायकेलिया’ हे नाव योजून पूर्वसूरीचा गौरव केला.

एकोणिसाव्या शतकातील वर्णनांचा भर साहजिकच नराच्या ठळक अवयवांवर राहिला. अशा लक्षणाने जाती ओळखता येते. तिचे नाते मात्र ठरवता येत नाही. ज्या नमुन्यात केवळ माद्या व अपक्व जीव असतील, तेथे स्थूल पायाचा उपयोग काय? म्हणून नर, मादी व अपक्व अवस्था या सर्वांत सापडणारी लक्षणे शोधणे प्राप्त झाले.

रशियन संशोधक दुबीनिन यांनी १९५१ ते १९५६ या काळात तीन खंडांत या समूहाची मांडणी केली. फ्रेयानिडी हे कुल त्यांनीच स्थापिले. त्यात बदकांवरील ‘फ्रेयाना’बरोबर ‘मायकेलिया’चेही स्थान आहे. तथापि शरीरावरील केसांना निरनिराळे अभ्यासक निरनिराळी नावे देत, आणि तुलना खुंटे. ग्रांझाँ यांच्या पद्धतीच्या आधारे ॲटियो आणि गो यांनी १९६६ मध्ये या केसांची एकसूत्री परिभाषा सिद्ध केली. त्यांचाच जगातील प्रजाती व कुले यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या परिश्रमाचे महत्त्व माइटांपुरतेच नाही. हे जीव बहुतांशी जन्मदात्या पक्ष्याकडून पिलाकडे जातात. त्यामुळे त्यांच्या वंशावळीवरून पक्ष्यांच्या वंशेतिहासाचा पडताळा घेता येतो. माइटांचे नाते चुकीचे जुळवले, तर पक्ष्यांविषयीचे अनुमानही ढासळते. भिन्न पायाने जातीला नाव दिले. तिचे कुल मात्र दोन्ही लिंगांत समान असलेल्या सूक्ष्म लक्षणांनीच सांगितले.