शब्दांचे त्रैराशिक

रविवारची सकाळ होती. पेपरची पुढची बाजू आमच्या सौ.कडे आणि मागची माझ्याकडे, असे आमचे संयुक्त वाचन चालले होते. तेवढ्यात न्यू जर्सीहून चुलतभावाच्या मुलीचा फोन आला. पोरगी दहा वर्षांची, चौथीतली. 'कसे आहात, काय चाललंय' असले व्याज बाजूला ठेवून तिने एकदम मुद्दलालाच हात घातला.

"काका, धावणाऱ्याला मॅरेथॉन, तर वल्हं मारणाऱ्याला काय?"

बावीस वर्षे काउंटरवर काढलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नाचे एकच उत्तर सुचते : "बाजूच्या खिडकीत विचारा." तेही मी दिले असते. पण बाजूच्या खिडकीत सौ. होत्या आणि त्या बरोबर उत्तर देतील अशी मला भीती होती.

"रेगाटा!" पोरीनेच सांगून टाकले. "म्हणजे बोटींची रेस. सोप्पं होतं, काका!"

मग उलगडा झाला. तिकडे तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी वर्डमास्टर्स चॅलेंज नावाची स्पर्धा असते. आधी शब्दांची यादी मिळते, ती मुलांनी घोटायची. मग वर्षातून तीनदा परीक्षा, दर खेपेला वीस प्रश्न, आणि सगळे याच घाटाचे : याचे त्याच्याशी जे नाते, ते हिचे कोणाशी? लग्नकार्यात आमची आत्या वर्षानुवर्षे हेच करत आली, पण तिला कोणी पदक दिले नाही.

फोन ठेवला आणि मला माझी चौथी आठवली. साल १९८९. तेव्हा स्कॉलरशिपची परीक्षा चौथीला आणि सातवीला असे. वर्गातल्या हुशार मुलांना गुरुजी शाळा सुटल्यावर जादा तासाला बसवीत. (आमच्या वर्गात हुशार मुले चारच होती. पाचवा मी, कारण बाक पाच जणांचा होता.) बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावाला एकदा प्रश्न आला : घोडेस्वाराला लगाम, तर नावाड्याला काय? पर्याय : शीड, सुकाणू, नांगर, डोलकाठी.

आता आमचे गाव जत तालुक्यातले. आमचा ओढा वर्षातले दहा महिने बैलगाडीने ओलांडता येई, आणि उरलेले दोन महिने तो आहे की नाही यावर गावात दोन तट असत. होडी मी पाहिली होती ती फक्त पाटीवर. चार शब्दांत ओळखीचा एकच. मी छातीठोकपणे लिहिले : नांगर.

"का रे, नांगर का?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, नाव चालवून कुणाचं पोट भरतंय? शेती करत असंल की तो."

वर्ग खदाखदा हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी काय केले ते शेवटी सांगतो. आधीची थकबाकी तपासल्याशिवाय नवे खाते उघडायचे नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. तेव्हा थोडा इतिहास.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे हा प्रश्न बघितला की मला त्रैराशिकच दिसते. तीन आंब्यांना साठ रुपये, तर सात आंब्यांना किती? तीन गोष्टी ठाऊक, चौथी काढायची. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त सांगून ठेवले की जवळजवळ सगळे अंकगणित या त्रैराशिकानेच व्यापलेले आहे. ग्रीकांचा अॅनालॉजी हा शब्दही मुळात प्रमाणाच्या हिशेबातलाच. आपले नैयायिक तर आणखी पुढे गेले. गवय नावाचे जनावर गायीसारखे असते, असे ऐकून माणूस रानात गेला. तिथे गायीसारखे काही दिसले आणि 'हाच तो गवय' असे त्याला उमगले. याला त्यांनी उपमान म्हटले आणि ज्ञानाच्या साधनांत मानाने बसवले. म्हणजे ठाऊक असलेल्या गायीचे शेपूट धरून ठाऊक नसलेल्या गवयापर्यंत पोचायचे, एवढा साधा हा व्यवहार.

विसाव्या शतकात याच शेपटाची मोजपट्टी झाली. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सुमारे सतरा लाख रंगरूटांच्या बुद्धीची मोजदाद झाली. वाचता येणाऱ्यांच्या 'आर्मी अल्फा' चाचणीत समसंबंध होतेच, शिवाय क्रिस्को म्हणजे काय, असाही एक प्रश्न होता. क्रिस्को म्हणजे तिकडचे डब्यातले वनस्पती तूप! आता परमुलखातून बोटीने नुकत्याच उतरलेल्या आणि कशीबशी इंग्रजी वाचणाऱ्या मजुराची अक्कल डालड्याच्या डब्यावरून ठरवायची म्हणजे कमाल झाली.

या आकड्यांवरून प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली पुस्तक लिहिले आणि उत्तर युरोपातली माणसे हुशार, दक्षिण-पूर्वेकडची मठ्ठ, असा निवाडा दिला. त्याच ब्रिगहॅमसाहेबांच्या देखरेखीखाली कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा तयार झाली. २३ जून १९२६ रोजी आठ हजारांवर मुले ती पहिल्यांदा देऊन मोकळी झाली. तिच्यातही समसंबंध होते. पुढे १९३० साली साहेबांनी आपले आधीचे निष्कर्ष बिनबुडाचे होते, असे स्वतःच लिहून दिले. एन्ट्री रिव्हर्स केली म्हणायची. पण पासबुकात छापलेली ओळ खोडली, म्हणून खातेदाराच्या मनातून जात नाही.

पोरीने मला घातलेला रेगाटाचा प्रश्न हा याच सॅटमधला, फार गाजलेला. टीकाकार म्हणत, की ज्याच्या घराजवळ पाणी आणि खिशात पैसा, त्यालाच हा शब्द ठाऊक. यात बुद्धी कोणती मोजली? उत्तर शोधता शोधता बरीच वर्षे गेली, आणि मार्च २००५ पासून सॅटमधून समसंबंध गेले. १९२६ पासून चाललेली मिलर यांची निव्वळ समसंबंधांची परीक्षासुद्धा २०२३ साली बंद झाली.

पण मोठ्यांनी टाकलेले खेळणे लहान मुले सोडत नाहीत. शब्दांच्या शर्यती तिकडे जुन्याच. १९२५ साली अकरा वर्षांच्या मुलाने 'ग्लॅडिओलस'चे स्पेलिंग सांगून पहिली राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकली. १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला. २०१३ पासून तिथे शब्दांचे अर्थही विचारू लागले. २०१९ साली एकदम आठ जण विजेते झाले, त्यांतले सात आपल्याकडच्या वंशाचे. म्हणजे ज्या मोजपट्टीने परक्यांना बाहेर ठेवायचे, तिच्याच जातभाईवर परक्यांच्या नातवंडांनी ताबा मिळवला. आणि मी नांगर लिहीत होतो त्याच १९८९ साली तिथल्या भारतीयांनी नॉर्थ साउथ फाउंडेशन काढले. मुलांच्या शब्दांच्या स्पर्धा भरवायच्या, आणि त्यातून उभा राहणारा पैसा भारतातल्या गरजू विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप म्हणून द्यायचा! हे त्रैराशिक मात्र मला फार आवडले.

असो. गुरुजींची थकबाकी राहिली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी घरून पितळी परात आणली. रांगेत उभे राहून भरलेल्या घागरीतले पाणी तिच्यात ओतले. (आमच्या गावात त्या पाण्याची किंमत काय, हे कुठल्याही चाचणीत विचारत नाहीत.) वहीच्या पुठ्ठ्याची होडी केली, मागे खाचेत पोस्टकार्डाचा तुकडा बसवला आणि मला म्हणाले, "फुंक मार." होडी सरळ गेली. तुकडा वाकडा केला, पुन्हा फुंकर. होडी वळली. "हे सुकाणू. घोड्याला लगाम तसं." मग खडूला दोरा बांधून त्यांनी तो पाण्यात सोडला. "आणि हा नांगर. तुझा रुततो जमिनीत, याचा पाण्याखाली. उत्तर चूक, पण शब्द तुझा होता. अर्धा मार्क."

स्कॉलरशिप मला मिळाली नाही. अर्धा मार्क तेवढा अजून जपून ठेवलाय.

संध्याकाळी मीच न्यू जर्सीला फोन लावला. "आता माझा प्रश्न. शाळेला घंटा, तर गिरणीला काय?"

उत्तर 'भोंगा' हे मी धरूनच चाललो होतो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग खात्रीचा आवाज आला, "आजी!"

"आजी? ती कशी?"

"मागच्या समरला आम्ही आलो होतो ना, तेव्हा आजी रोज ओरडायची, 'गिरणी बंद होईल, दळण घेऊन पळा!' म्हणजे गिरणीची घंटा आजीच ना?"

सौ. पेपरमागून हसल्या. मी हसलो नाही. परात शोधण्यात अर्थ नव्हता, आणि भोंग्याची गिरणी आता दाखवायची तरी कुठे? मी पोरीला सगळी हकीकत सांगितली. गिरणगाव, पहाटेचा भोंगा, त्याबरोबर जागी होणारी चाळ. ती ऐकत राहिली.

"मग माझं चुकलं?" तिने शेवटी विचारले.

"उत्तर चूक," मी म्हणालो, "पण गिरणी तुझी होती. अर्धा मार्क."